बाईंचा 'सा' कुठे गेला? टाइप-सी हेडफोन अडॅप्टरची सेटिंग आणि फर्मवेअर अपडेट

माझी आई साठीनंतर गाणं शिकायला लागली. तिच्या बाई आठवड्यातून दोनदा शिकवतात आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर छोटे व्हॉइस मेसेज पाठवतात. एखादा पलटा, एखादी आलापाची ओळ, सात-आठ सेकंदांचा मामला. आईने ते ऐकायचं आणि मागोमाग म्हणायचं. तिच्या नव्या फोनला हेडफोन जॅक नाही, म्हणून मी तिला टाइप-सीला लावायचा छोटा अडॅप्टर आणून दिला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "अगं, बाई 'सा' लावतच नाहीत. एकदम 'रे'पासून सुरू करतात."

मला वाटलं, बाईच रेकॉर्डिंगचं बटण उशिरा दाबत असतील. घरी गेल्यावर तोच मेसेज फोनच्या स्पीकरवर लावला, तर 'सा' अगदी स्वच्छ. अडॅप्टर लावला की 'सा' गायब. दुसरे हेडफोन लावून पाहिले, तरी तेच. मग आईने सवयीने तानपुऱ्याचं ॲप सुरू केलं आणि त्यावरच मेसेज लावला. 'सा' परत आला!

आपल्यापैकी बहुतेक जण इथे "अडॅप्टर फॉल्टी आहे" म्हणून तो परत करतात किंवा ड्रॉवरमध्ये टाकतात. मीही तेच करणार होते. पण तानपुरा चालू असताना जो अडॅप्टर व्यवस्थित चालतो, तो तुटलेला नाही. तो काहीतरी ठरवून करतोय, आणि ठरवणारी गोष्ट म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर. या अडॅप्टरची बहुतेक दुखणी सेटिंगमध्ये असतात, थोडी फर्मवेअरमध्ये, आणि खरोखर हार्डवेअरची त्याहून कमी. कोणतं दुखणं कुठलं हे कसं ओळखायचं, आणि अपडेट करायचीच वेळ आली तर अडॅप्टरचा दगड न करता ती कशी करायची, ते सांगते.

आधी आत काय आहे ते बघा

बाजारात एकाच दिसण्याचे दोन प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात आत नुसत्या तारा असतात. फोन स्वतःच आवाजाचा ॲनालॉग सिग्नल टाइप-सीच्या पिनांमधून बाहेर देतो आणि अडॅप्टर तो जॅकपर्यंत पोचवतो. हे चालायला फोनमध्ये ती सोय लागते, आणि अनेक फोनमध्ये ती नसते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२० मध्ये नाही, गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही नाही. लॅपटॉपवर तर असल्या अडॅप्टरची आशाच सोडा. "नवीन अडॅप्टर लावला आणि काहीच झालं नाही" यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

दुसऱ्या प्रकारात डॅक असतो, म्हणजे डिजिटल आकड्यांचं ॲनालॉग आवाजात रूपांतर करणारी चिप. सोबत छोटा ॲम्प्लिफायर, माइकसाठी उलटं काम करणारा भाग, आणि हे सगळं चालवणारा एक चिमुकला प्रोसेसर. याला लोक डोंगल म्हणतात, मीही यापुढे तेच म्हणते. फोनच्या दृष्टीने हे एक बाहेरचं साउंड कार्ड आहे. फर्मवेअर असतं ते फक्त यात.

ओळखायचं कसं? हेडफोन डोंगलमध्ये लावा आणि डोंगल लॅपटॉपला लावा. हेडफोन आधी लावायचे, कारण काही डोंगल जॅकमध्ये काही नसेल तर झोपूनच राहतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडलात आणि ऑडिओच्या यादीत नवीन नाव आलं, तर आत डॅक आहे. काहीच आलं नाही, तर बहुधा नुसत्या तारा आहेत आणि पुढचा अर्धा लेख तुमच्या कामाचा नाही.

लॅपटॉपला लावलाच आहे तर आणखी एक काम करून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, डिटेल्स टॅबमधून 'हार्डवेअर आयडी' निवडा. तिथे व्हीआयडी, पीआयडी आणि आरईव्ही अशी अक्षरं आणि त्यांच्यापुढे चार-चार अंक दिसतील. पहिला बनवणाऱ्याचा क्रमांक, दुसरा मॉडेलचा, तिसरा आवृत्तीचा. याचा फोटो काढून ठेवा. मॅकवर हीच माहिती सिस्टिम इन्फॉर्मेशनच्या यूएसबी विभागात मिळते. प्रत्येक कंपनी अपडेटनंतर आवृत्तीचा आकडा वाढवतेच असं नाही, पण चांगल्या कंपन्या वाढवतात. हा फोटो पुढे कसा उपयोगी पडला ते सांगेनच.

आवाज कमी येतो: दोन व्हॉल्यूमची गोष्ट

सगळ्यात जास्त तक्रार हीच. "फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वर आहे, तरी आवाज बारीक."

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी की व्हॉल्यूम एक नाही, दोन आहेत. एक फोनच्या आत. बटण दाबलं की फोन गाण्याच्या आकड्यांना गुणून लहान-मोठं करतो आणि मग पुढे पाठवतो. दुसरा डोंगलच्या आत. यूएसबी ऑडिओच्या नियमांत डोंगलने स्वतःचा व्हॉल्यूम कंट्रोल द्यायची सोय आहे. संगणक डोंगलला विचारतो, "तुझा कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि आत्ता किती?" डोंगल डेसिबलच्या २५६ व्या भागाच्या मापात उत्तर देतो.

विंडोज हा दुसरा व्हॉल्यूम वापरतं. लिनक्समध्ये तो तुम्हाला अल्सामिक्सरमध्ये वेगळा दिसतो. अनेक अँड्रॉइड फोन मात्र फक्त पहिला हलवतात आणि दुसऱ्याला हातच लावत नाहीत. मग डोंगल सुरू होताना ज्या पातळीवर उठला, तिथेच बसून राहतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲपलच्या टाइप-सी अडॅप्टरचं. मोजमापात तो स्वस्तातला फार चांगला डॅक ठरलाय, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबलेला येतो, कारण त्याचा आतला व्हॉल्यूम वर नेणारं कोणी नसतं. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं ॲप डोंगलशी थेट बोलतं आणि तो व्हॉल्यूम वर नेतं, म्हणून त्या ॲपमध्ये तोच अडॅप्टर खणखणीत वाजतो. (याच अडॅप्टरच्या अमेरिकेतल्या आवृत्तीचं आउटपुट १ व्होल्ट आहे आणि युरोपातल्या आवृत्तीचं ०.५ व्होल्ट. हा ६ डेसिबलचा फरक कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.)

"मग लॅपटॉपवर पूर्ण वर करतो आणि फोनला लावतो" हा जुगाड सुचतो. कधी चालतो, कधी नाही. डोंगलला बॅटरी नसते. काढला की वीज गेली. शेवटचा व्हॉल्यूम त्याने स्वतःच्या फ्लॅश मेमरीत लिहून ठेवला असेल तरच तो लक्षात राहील, आणि लिहायचा की नाही हे फर्मवेअर ठरवतं. ज्यांच्या डोंगलसाठी कंपनीचं ॲप आहे, त्यांनी आधी त्या ॲपमध्ये 'डिव्हाइस व्हॉल्यूम' किंवा 'मॅक्स व्हॉल्यूम' अशा नावाचं काही आहे का ते पाहावं. फिओ आणि मूनड्रॉप यांची अशी ॲप्स आहेत, अर्थात त्यांचं प्रत्येक मॉडेल त्यात चालत नाही.

गेनचं सेटिंग याहून वेगळं. हाय गेन केलं की ॲम्प्लिफायर जास्त व्होल्टेज देतो. ते मोठ्या, जास्त इम्पिडन्सच्या हेडफोनसाठी. साध्या इअरफोनला लो गेनच ठेवा, नाहीतर मागची बारीक सुरसुर वाढते आणि व्हॉल्यूमच्या पहिल्या दोन पायऱ्यांतच कान किटतात.

दहा मिनिटांनी बंद पडतो, माइक चालत नाही

ओप्पो, रियलमी, वनप्लस, व्हिवो यांच्या अनेक फोनमध्ये ओटीजीचं वेगळं बटण असतं. ते सुरू नसेल तर डोंगल दिसतच नाही, आणि काही वेळ वापर नसला की, बऱ्याच फोनमध्ये दहा मिनिटांनी, ते आपोआप बंद होतं. डोंगल बदलण्याआधी सेटिंगच्या शोधखिडकीत 'ओटीजी' टाइप करा. तुमचा वाचलेला पैसा इथेच आहे.

दुसरी जागा डेव्हलपर ऑप्शन्स. तिथे 'यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करा' अशा अर्थाचं एक बटण असतं. ते चुकून सुरू झालं असेल तर डोंगल जोडलेला दिसतो आणि आवाज मात्र स्पीकरमधूनच येत राहतो.

माइकचं थोडक्यात. हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतील तरच माइक आहे. पिन आत जाताना डोंगल तपासतो की माइक आहे का. अर्धवट, सावकाश घातलेली पिन "माइक नाही" असं उत्तर देऊन जाते आणि मग काढेपर्यंत डोंगल त्याच समजुतीत राहतो. म्हणून पिन एका दमात पूर्ण घाला. मीटिंगमध्ये "तुमचा आवाज येत नाहीये" ऐकू आलं तर सेटिंग शोधत बसू नका, पिन काढून परत घाला.

मोठे आकडे आणि यूएसीचं बटण

डोंगलच्या खोक्यावर ३८४ किलोहर्ट्‌झ वगैरे छापलेलं असतं. ॲपमध्ये कधी कधी 'यूएसी १' आणि 'यूएसी २' असा पर्याय येतो आणि लोक मोठा आकडा चांगला समजून दोनवर टाकतात. हे यूएसबी ऑडिओच्या नियमावलीचे क्रमांक आहेत. पहिली १९९८ ची, दुसरी २००६ ची.

पहिलीत काय मावतं याचा हिशोब सोपा आहे. ती यूएसबीच्या 'फुल स्पीड'वर, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटवर चालते. दर मिलिसेकंदाला एक पुडकं जातं आणि त्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावतात. २४ बिट म्हणजे ३ बाइट, डावा-उजवा मिळून ६. ९६ किलोहर्ट्‌झला मिलिसेकंदात ९६ नमुने, म्हणजे ५७६ बाइट. मावले. १९२ किलोहर्ट्‌झला ११५२. नाही मावले. म्हणून १९२ हवं असेल तर यूएसी २ लागतं. बस, एवढंच. तुमच्या गाण्यांच्या फायली ४४.१ किंवा ४८ च्या असतील, आणि बहुतेकांच्या तशाच असतात, तर यूएसी १ मध्ये आवाजाचं काहीही बिघडत नाही. उलट प्लेस्टेशन ५ ला यूएसी १ च समजतं, आणि विंडोजमध्ये यूएसी २ चा अंगभूत ड्रायव्हर २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत आला. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर डोंगल ओळखलाच जात नसेल तर हे बटण आठवा.

फोनवर आणखी एक गंमत आहे. अँड्रॉइड सहसा सगळ्या ॲप्सचे आवाज एकत्र करतं आणि एकाच दराने, बहुधा ४८ किलोहर्ट्‌झने, बाहेर पाठवतं. नोटिफिकेशनची टिंग आणि गाणं एकदम वाजू शकतं ते त्यामुळेच. अँड्रॉइड १४ पासून ॲपला मूळ आकडे जसेच्या तसे डोंगलला द्यायची सोय मिळाली, पण ती ॲपने वापरायला हवी आणि फोन बनवणाऱ्याने चालू ठेवायला हवी.

फिल्टरच्या पर्यायांबद्दल, 'फास्ट रोल-ऑफ', 'स्लो रोल-ऑफ' वगैरे, माझं स्पष्ट मत: एकदा सगळे ऐकून बघा आणि मग विसरून जा. त्यांचा फरक ऐकू येण्याच्या वरच्या टोकाला, २० किलोहर्ट्‌झच्या आसपास असतो. तिथलं मला तरी काही ऐकू येत नाही.

ज्या सेटिंगने खरंच फरक पडतो ते म्हणजे इक्वलायझर. आता हजार-दोन हजारांच्या डोंगलमध्येही तो मिळायला लागलाय आणि डोंगलच्या मेमरीत साठवला जातो, म्हणजे फोनवर लावलेलं लॅपटॉपवरही तसंच. यातली एकच चूक सगळे करतात. बास ६ डेसिबल वाढवला, आणि प्रीॲम्प शून्यावरच ठेवला. डिजिटल आवाजाला कमाल मर्यादा असते. आधीच काठोकाठ भरलेल्या गाण्यात आणखी ६ डेसिबल ओतलेत तर वरचा भाग कापला जातो आणि ढोलकी फाटल्यासारखी वाजते. जेवढं जास्तीत जास्त वाढवलंय तेवढं प्रीॲम्पमध्ये उणे करा. ६ वाढवलं तर उणे ६.

काही कंपन्या ॲपऐवजी ब्राउझरमधूनच ही सेटिंग करू देतात. त्यामागचं तंत्र वेबएचआयडी. संगणकावरच्या क्रोम आणि एजमध्ये ते चालतं, फायरफॉक्स आणि सफारीमध्ये नाही. पान उघडूनही डोंगल दिसत नसेल तर आधी ब्राउझर बघा.

आता 'सा'कडे

काहीच वाजत नसतं तेव्हा फोन डोंगलला "आता काही पाठवत नाही" असं सांगून वाहिनी बंद करतो. वीज वाचवायला डोंगल लगेच ॲम्प्लिफायर झोपवतो. पुढचा मेसेज लावला की वाहिनी परत उघडते, डोंगल घड्याळ जुळवतो, ॲम्प्लिफायर जागा करतो आणि कानात 'टप्प' असा आवाज येऊ नये म्हणून थोडा वेळ आउटपुट मुका ठेवतो. हा थोडा वेळ काही मिलिसेकंदांचा असेल तर कळतही नाही. आमच्या डोंगलमध्ये तो जवळजवळ अर्धा सेकंद होता. तीन मिनिटांच्या गाण्यात अर्ध्या सेकंदाचं काय एवढं? आठ सेकंदांच्या पलट्यात मात्र अख्खा 'सा' जातो. तानपुरा चालू असला की वाहिनी बंदच होत नाही, म्हणून डोंगल जागा राहतो आणि 'सा' येतो.

लिनक्सवर याचा उपाय आपल्या हातात आहे. तिथे वायरप्लंबर नावाची सेवा ५ सेकंद शांतता झाली की साउंड कार्ड झोपवते. ती वेळ शून्य केली की ते झोपवणं थांबतं. फोनवर असं काही नाही. "तानपुरा लावून ठेव" हा उपाय आईला तसा मान्य होता, पण बाईंचा स्केल वेगळा असला की तिचा सगळा रियाज बिघडायचा. मग मी कंपनीच्या साइटवर गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिथे नव्या फर्मवेअरच्या नोंदीत चार ओळी होत्या आणि तिसरी ओळ अशा अर्थाची होती: आवाज सुरू होतानाचा म्यूटचा वेळ कमी केला.

फर्मवेअर अपडेट करायचं ते अशी ओळ दिसली तरच. "कामगिरीत सुधारणा" एवढंच लिहिलं असेल आणि तुमचा डोंगल नीट चालत असेल, तर हात लावू नका. फोनचे अपडेट सुरक्षेसाठी घ्यावेच लागतात. इंटरनेटशी संबंध नसलेल्या डोंगलचं तसं नसतं, आणि अपडेटच्या त्या एका मिनिटात तो बिघडण्याची शक्यता मात्र असते.

अपडेटच्या त्या मिनिटात काय होतं

मी कामावर सॉफ्टवेअर लिहिते, तरी पहिल्या प्रयत्नात फसले. ते का, हे समजायला आतली क्रिया बघू.

अपडेटचं ॲप डोंगलला एक आज्ञा पाठवतं. डोंगल स्वतःला बंद करतो आणि लगेच परत येतो, पण साउंड कार्ड म्हणून नाही. आता त्यातला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू असतो, ज्याला फक्त नवीन फर्मवेअर घेऊन फ्लॅशमध्ये लिहिणं येतं. फोनच्या दृष्टीने जुनं उपकरण निघून गेलं आणि वेगळ्या पीआयडीचं नवीन उपकरण आलं. मग जुनं फर्मवेअर तुकड्या-तुकड्याने पुसलं जातं, नवीन लिहिलं जातं, बेरीज जुळते का ते तपासलं जातं आणि डोंगल परत साउंड कार्ड म्हणून उठतो.

मी हे आईच्या फोनवरच केलं. ॲपने 'सुरू करा' म्हटलं, मी बटण दाबलं आणि चहा ओतायला उठले. अँड्रॉइड प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी वेगळी परवानगी मागतं. बूटलोडर हे नवीन उपकरण, म्हणून परवानगीची खिडकी परत आली. मी नव्हते. स्क्रीन बंद झाली. परत आले तर शून्य टक्के आणि पुढे काही नाही. डोंगल काढून लावला, हेडफोनमध्ये काही नाही. फोनच्या यादीतही नाही. आई म्हणाली, "निदान आधी 'रे' तरी ऐकू येत होता."

इथे तो फोटो कामाला आला. डोंगल विंडोज लॅपटॉपला थेट लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओच्या यादीत काही नव्हतं, पण खाली एक अनोळखी नाव आलं होतं. त्याचा व्हीआयडी फोटोतलाच होता, पीआयडी वेगळा. म्हणजे डोंगल मेला नव्हता, बूटलोडरमध्ये वाट बघत बसला होता. कंपनीचा विंडोजवरचा अपडेटर डाउनलोड केला, चालवला, मिनिटभरात काम झालं. आरईव्हीचा आकडा बदललेला दिसला. पुसण्याच्या मधोमध वीज गेली असती तरीही बूटलोडर शाबूत राहतो, निदान राहायला हवा, कारण तो फ्लॅशच्या वेगळ्या कोपऱ्यात असतो आणि चांगली रचना असेल तर त्या कोपऱ्यावर कधीच लिहिलं जात नाही. सगळ्या स्वस्त डोंगलची रचना चांगली असते असं मात्र नाही.

म्हणून माझा सल्ला: जमेल तेव्हा लॅपटॉपवरूनच करा, थेट पोर्टमध्ये, हब किंवा डॉकमधून नाही. लॅपटॉप झोपणार नाही याची खात्री करा. फोनवरूनच करावं लागलं तर बॅटरी भरलेली, स्क्रीन चालू, आणि खिडकी परत येईल हे माहीत असू द्या. इक्वलायझर लावला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, अपडेटमध्ये तो पुसला जाऊ शकतो.

फाइल कुठून घेता हे सगळ्यात महत्त्वाचं. टेलिग्रामवर, ड्राइव्हच्या लिंकवर "या डोंगलवर त्या महागड्या डोंगलचं फर्मवेअर टाका, चिप एकच आहे" असे सल्ले फिरत असतात. चिप खरंच एक असू शकते, पण बटणं, माइकची जोडणी, ॲम्प्लिफायर वेगळा असू शकतो. यूएसबीची अपडेटसाठी एक प्रमाण पद्धत आहे, डीएफयू. तिची १.१ आवृत्ती २००४ ची. तिच्या फाइलच्या शेवटी ती कोणत्या व्हीआयडी-पीआयडीसाठी आहे हे लिहिलेलं असतं, त्यामुळे चुकीची फाइल वेळीच अडवता येते. पण अनेक कंपन्या स्वतःची वेगळी पद्धत वापरतात आणि त्यात ही तपासणी असेलच असं नाही. शिवाय, व्हॉल्यूमची बटणं असलेला डोंगल संगणकाला कीबोर्डच्याच जातीचं उपकरण म्हणूनही दिसतो. यूएसबी उपकरणाचं फर्मवेअर बदलून त्याला गुपचूप कीबोर्ड बनवता येतं, हे कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत करून दाखवलं होतं. अनोळखी माणसाची फर्मवेअर फाइल म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात तुमचा कीबोर्ड.

अपडेटनंतर लगेच कानात घालू नका

हे मी वेगळं लिहितेय, कारण आमच्याकडे थोडक्यात वाचलं. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ पदावर जातात, आणि आमच्या डोंगलचं नवीन मूळ पद होतं आतला व्हॉल्यूम पूर्ण वर. आधी तो अर्ध्यावर उठायचा, म्हणून आईने फोनचा व्हॉल्यूम कायम शेवटच्या टोकाला ठेवलेला. मी हेडफोन टेबलावर ठेवून मेसेज लावला आणि बाईंचा 'सा' खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. आईच्या कानात असता तर?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मार्गदर्शक प्रमाणात प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८३ ला २० तास, ८६ ला १०. रोज तास-दीड तास रियाज करणाऱ्या बाईसाठी हा आकडा लांबचा नाही. अपडेट झाला, कंपनीच्या ॲपमध्ये काही बदललं, किंवा डोंगल दुसऱ्या फोनला लावला, तर आधी फोनचा व्हॉल्यूम खाली आणा, हेडफोन टेबलावर ठेवा, काहीतरी वाजवा, मग कानात. आईच्या फोनचा व्हॉल्यूम आता मध्यावर असतो आणि ॲपमध्ये मी कमाल मर्यादाही घालून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. 'सा' येतोय. आणि त्याच्या आधी बाई खाकरतात, तेही आता ऐकू येतं म्हणाली.